मावशीने थोरल्यांना मारलं त्याची गोष्ट

माझी मावशी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, कवळी बसवतात आणि नाव कमावतात. पण ती कवळी जिथे घडते ती जागा मावशीची. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक लांबलचक टेबल आणि खिडकी, आतल्या खोलीत प्लास्टरच्या गोण्या, मेण, गॅसची शेगडी आणि पॉलिशचं मशीन. खाली छपाईचं यंत्र सुरू झालं की वर टेबलावरचे दात हलतात. दात दुकानातून विकत येतात, पट्टीवर ओळीने चिकटवलेले, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत सगळ्या छटांचे. मावशी डॉक्टरकडून आलेल्या मापात प्लास्टर ओतते, त्यावर मेणाची हिरडी घडवते आणि मेणात एकेक दात रोवते. मग ते सगळं धातूच्या साच्यात बंद करून मेण वितळवून काढायचं, मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरायचं आणि साचा पाण्यात शिजत ठेवायचा. शिजायला वेळ लागतो. घाई केली की आत बुडबुडे धरतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

या शिजण्याच्या वेळात मावशीने कादंबरी लिहिली. मोबाइलवर, एका अंगठ्याने, कारण दुसऱ्या हाताला मेण लागलेलं असायचं. कादंबरी एका म्हाताऱ्या व्हॅम्पायरची आहे. त्याचे सुळे पडलेत.

ती छापून आली तेव्हा मावशीची पन्नाशी जवळ आली होती आणि आमच्या घरात कोणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटायचे दिवस केव्हाच सरले होते. आईच्या भाषेत सांगायचं तर तिची ही बहीण 'पहिल्यापासूनच अशी'. शाळेत असताना तिने एका राज्याचा नकाशा काढला होता, जे राज्य नव्हतंच. त्यातल्या नद्यांना नावं होती, घाटांना नावं होती, आणि भूगोलाच्या पेपरात तिला जेमतेम पास होण्यापुरते गुण होते. मोठी झाल्यावर ती बोटाच्या पेराएवढ्या मूर्ती करायला लागली. सैनिक, चेटकिणी, तीन डोक्यांचे प्राणी. कवळीचंच मेण, कवळीचीच हत्यारं. रंगवायला चार केसांचा ब्रश. त्या मूर्ती लॅबच्या कपाटात प्लास्टरच्या जबड्यांशेजारी उभ्या असतात. नवा डॉक्टर पहिल्यांदा लॅब बघायला आला की आधी कपाटाकडे बघतो, मग मावशीकडे, आणि मग अगदी जपून बोलायला लागतो.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, एका कारखान्यात बॉयलर सांभाळतात. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "कोणाची बायको देव देव करते, कोणाची शेजाऱ्यांची उणीदुणी काढते. हिची भातुकली आहे. कोणाला त्रास नाही."

या भातुकलीत रविवारी दुपारी आम्ही पाच जण असायचो. मावशी, मी, आणि मावशीची शाळेपासूनची मैत्रीण, जी गणित शिकवते आणि जिला सगळे 'बाई' म्हणतात. चौथा रुग्णवाहिका चालवणारा, त्याचं नाव आम्ही सारथी ठेवलं होतं. पाचवे वायरमन. त्यांनी एकदा लॅबमधला जळलेला बोर्ड बदलला, बदलताना कपाटातल्या मूर्ती बघितल्या, "हे काय आहे?" असं विचारलं, मावशीने सांगितलं, आणि पुढच्या रविवारी ते बायकोला "जरा काम आहे" असं सांगून आले ते आलेच.

खेळ असा असतो. एक जण जग सांभाळतो. त्या जगातली गावं, रस्ते, दारामागे काय दडलंय, सगळं त्याला ठाऊक. ते काम मावशीचं. बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्या जगात शिरायचं. पात्र काय करणार, काय बोलणार ते खेळणारा सांगतो, आणि ते जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगतो. आमचे फासे मावशीने घरीच केलेले, उरलेल्या ॲक्रिलिकचे. हिरड्यांच्या रंगाचे. नवख्या माणसाला ते हातात घ्यायला नको वाटतं.

बाईंचं पात्र एक तलवारवाली होती, जी कधी खोटं बोलत नसे आणि त्यापायी सगळ्यांना गोत्यात आणत असे. सारथ्याचा एक खेचरवाला होता. मी वर्षाला पात्र बदलायचे, माझं कशावर मन ठरत नसे. आणि वायरमन थोरले होते.

थोरले म्हणजे कैक शतकं जगलेला व्हॅम्पायर. एके काळी त्याच्या नावाने म्हणे पोरं दूध पिऊन झोपायची. वायरमननी त्याला पहिल्या दिवसापासून भित्रा खेळवला. थोरले कुत्र्यांना घाबरत. जिना उतरताना कठडा धरत. पण बोलण्यात अदब अशी की समोरच्याने उठून खुर्ची द्यावी. अंधारी गुहा आली की थोरले हमखास म्हणायचे, "आपण पुढे व्हा. मी मागून लक्ष ठेवतो." हे वाक्य आमच्यात इतकं मुरलं की दातांच्या डॉक्टरकडे जाताना आईसुद्धा मला ते ऐकवायला लागली.

एका रविवारी थोरल्यांवर शेवटी चावायची वेळ आली. समोर पहारेकरी, पाठीमागे भिंत, पळायला जागा नाही. वायरमननी फासा टाकला आणि एक पडला. एक म्हणजे नुसती हार नव्हे, फजिती. मावशीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "पहारेकऱ्याच्या गळपट्ट्याला पितळी बक्कल होतं. थोरल्यांचा सुळा तुटला."

सारथी हसून हसून खोकायला लागला. वायरमन मात्र हसले नाहीत. ते थोरल्यांच्या आवाजात, हळू, नीट शब्द जुळवत म्हणाले, "या गावात दात करून देणारं कोणी आहे का?"

मावशी म्हणाली, "एक बाई आहे. छापखान्याच्या वर."

पुढचे कितीतरी रविवार थोरले कवळी करून घेत होते. बाकीच्यांचा खजिना, राक्षस, वेढा पडलेलं शहर, सगळं खोळंबून राहिलं आणि कोणी तक्रार केली नाही. वायरमन खुर्चीत मागे रेलून तोंड उघडायचे, मावशी खोटंखोटं माप घ्यायची, आणि दोघं त्या दोन माणसांसारखं बोलायची. थोरले विचारायचे, "चावता येईल ना?" ती बाई म्हणायची, "चावण्याचं मी बघते. कोणाला चावायचं ते तुमचं तुम्ही बघा."

त्याच सुमारास मावशी मोबाइलवर लिहायला लागली. तिने आम्हाला सांगितलं, "मी थोरल्यांवर काहीतरी लिहितेय." सगळे खूश झाले. वायरमन सगळ्यात जास्त. "लिहा की ताई," ते म्हणाले. त्यापलीकडे कोणी काही विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही. चारदोन पानांचं काहीतरी असेल असं आम्ही धरून चाललो.

पहिलं वाचन काकांचं. काकांना भुताखेतांत रस नाही, पण त्यांचा जन्म रात्रपाळ्यांत गेलेला. त्यांनी वाचून वेगळ्याच शंका काढल्या. "हा दिवसा झोपतो ना? मग दारावरची घंटा वाजली की काय करतो? दिवसा झोपणाऱ्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे घंटा. तू इथे सूर्याचंच लावून धरलंयस." मावशीने ते लिहून घेतलं. कादंबरीत थोरले कुरिअरवाल्यांना शिव्या घालतात ते प्रकरण काकांच्या कृपेने आलंय.

पण कादंबरीतलं सगळ्यात चांगलं प्रकरण मावशीचं स्वतःचं आहे. कवळी तयार होते, बसवून होते, आणि ती बाई सवयीने आरसा पुढे करते. थोरल्यांना आरशात काहीच दिसत नाही. खुर्ची दिसते, मागची भिंत दिसते. मग ते विचारतात, "कसा दिसतोय मी?" आणि तिला सांगावं लागतं. आयुष्यभर तिने माणसांची फक्त तोंडं हाताळलेली असतात, तीही प्लास्टरची. माणूस कसा दिसतो हे तिने कोणाला कधी सांगितलेलं नसतं. ती कपाळापासून सुरुवात करते. ते प्रकरण मी बसमध्ये वाचलं आणि माझा थांबा गेला.

एका प्रकाशनाने हस्तलिखित घेतलं. तिथल्या संपादिकेचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्येच होते. मावशीचे हात प्लास्टरने माखले होते, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"आम्हाला फार आवडलं," संपादिका म्हणाल्या. "फक्त एक सुचवायचं होतं. नायकाचं वय थोडं कमी करता येईल का?"

"किती कमी?"

"म्हणजे, दिसायला. व्हॅम्पायर म्हटलं की वाचकाच्या डोळ्यासमोर तरुण येतो. पंचविशीचा वगैरे."

मावशीने साच्यावर अंगठा दाबत विचारलं, "मग त्याला कवळी कशाला लागेल?"

मग संपादिका हसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. राहू दे म्हातारा." पुढे दोघींचं छान जमलं. मुखपृष्ठासाठी मावशीने खरोखरची कवळी करून पाठवली, लांब सुळ्यांची, आणि फोटो काढणाऱ्याने ती परत दिलीच नाही.

दुसरी सूचना मात्र मावशीने ऐकली. संपादिका म्हणाल्या, गोष्ट शेवटाला रेंगाळते. शेवट हवा. खेळाला शेवट नसतो, पुढचा रविवार असतो. कादंबरीला पुढचा रविवार नसतो. मावशीने दोन आठवडे खपून नवा शेवट लिहिला. त्यात थोरले एका पहाटे कवळी लावून, कोट घालून, एकटे बाहेर पडतात आणि उगवत्या सूर्याकडे चालत जातात. चालताना हसतात, सगळे दात दिसतील असं. संपादिका म्हणे वाचून रडल्या.

पुस्तक आलं. वायरमननी चार प्रती विकत घेतल्या. एक घरी, एक मेहुण्याला, दोन कामावरच्या माणसांना. "यातले थोरले म्हणजे मी," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. वाचायचा त्यांना फारसा सराव नव्हता, रोज दहा पानं असं त्यांचं चाललं होतं. रविवारी येऊन ते कुठवर पोचले ते सांगायचे. "आज कुत्र्याचं वाचलं. माझं वाक्य जसंच्या तसं घातलंय ताईंनी." ते खरंच होतं. 'आपण पुढे व्हा' कादंबरीत जागोजाग होतं.

मग एका रविवारी ते आले नाहीत. काम आहे, असा निरोप आला. त्याच्या पुढच्या रविवारीही काम निघालं. तिसऱ्या खेपेला सारथी म्हणाला, "काम कसलं. रुसलेत ते. पुस्तक संपलं त्यांचं."

मावशीला पटलं नाही. "पुस्तक संपल्यावर कोण रुसतं?" ती म्हणाली. पण वायरमनशिवाय खेळ लागेना. थोरले नसले की अंधाऱ्या गुहेत शिरण्यात काही मजाच राहत नव्हती. आम्ही चहा पिऊन लवकर उठायला लागलो.

अशात सार्वजनिक वाचनालयाने मावशीशी गप्पांचा कार्यक्रम ठेवला. संध्याकाळची वेळ, पंख्याखाली मांडलेल्या खुर्च्या, पुढच्या रांगेत मावशीला काम देणारे दोन डॉक्टर, मागे कॉलेजची पोरं, त्यातल्या दोघांनी प्लास्टिकचे सुळे लावलेले. वाचनालयाचे ग्रंथपाल प्रश्न विचारणार होते. त्यांनी सगळे प्रश्न सुवाच्य अक्षरात लिहून आणले होते आणि ते त्याच क्रमाने विचारत गेले.

मावशी कधी सभेत बोललेली नव्हती, पण बिचकली नाही. ग्रंथपालांनी विचारलं, "आपला व्हॅम्पायरवर विश्वास आहे का?"

"नाही."

"मग लिहावंसं का वाटलं?"

"मी खोटे दात बनवते," मावशी म्हणाली. "ते खोटे आहेत हे लावणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण त्यांनी चावता आलं पाहिजे. व्हॅम्पायरचं तसंच आहे. आहे की नाही हा प्रश्न नाही. चावतो की नाही, एवढंच."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका डॉक्टरांनी मागे वळून सगळ्यांकडे असं बघितलं, जणू हे उत्तर त्यांनीच बसवलंय. मग फाशांविषयी, मूर्तींविषयी प्रश्न आले. मावशीने पिशवीतून एक गुलाबी फासा काढून रांगेतून फिरवला, तो परत येईपर्यंत कोणाचंच बोलण्याकडे लक्ष नव्हतं. आणि मग ग्रंथपालांनी पुढचा कागद घेतला. "थोरले हे पात्र आपल्याला कुठे भेटलं?"

मावशी जरा थांबली. खेळ काय असतो, पात्र कोण खेळवतं, फासा काय करतो, हे सगळं सांगायचं म्हणजे लांबण लागली असती. घड्याळात शेवटची दहा मिनिटं उरली होती.

"सुचला," ती म्हणाली.

ग्रंथपाल मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे गेले.

कार्यक्रम संपल्यावर बाई खुर्च्यांमधून वाट काढत आल्या. त्यांनी मावशीच्या खांद्यावर हात ठेवला, छान झालं म्हणाल्या, आणि मग चष्मा पुसत विचारलं, "सुचला?"

एवढंच. गणिताच्या बाई आहेत, उत्तर चुकलं की गोल करतात, कारण लिहीत बसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला फोन केला. वायरमनचं काम कुठे चाललंय ते तिने सारथ्याकडून काढलं होतं. तिला गाडी येत नाही, म्हणून मी तिला घेऊन गेले.

एका शाळेचं नवं सभागृह बांधून झालं होतं. आत कोणी नव्हतं, फरशीवर वायरींची भेंडोळी आणि सिमेंटची धूळ. वायरमन उंच शिडीवर छताला पाठ टेकून पाइपातून वायर ओढत होते. आम्हाला बघून त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "आलात तर शिडी धरा जरा. पोरगा सुट्टीवर आहे."

मावशीने पर्स खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. मी दाराशी उभी राहिले.

"थोरले मेले म्हणून राग आला?" मावशीने वर बघत विचारलं.

"मरायचं कोणाला चुकलंय." वायरमननी वायरीचं टोक दातात धरलं होतं, ते काढून म्हणाले, "ते एकटे बाहेर गेले. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. सरळ उन्हात. थोरले कधी पुढे चालल्याचं आठवतंय तुम्हाला?"

"माणूस बदलतो, वायरमन."

"बदलतो ना. कसा बदलतो ते मी सांगितलं असतं. इतकी वर्षं मी त्याला जपून जपून भित्रा ठेवला. लोकांना वाटतं भित्रा म्हणजे विनोदी. तो विनोदी नाही. त्याला जगायचंय, म्हणून तो भितो. तुम्ही एका पानात त्याला शूर केलंत आणि मारून टाकलंत."

मावशी थोडी चिडली. मला तिच्या मानेवरून कळलं. "कादंबरी मी लिहिली आहे. एका अंगठ्याने. एकेक वाक्य दहादा खोडून. ते सगळं रविवारी टेबलाभोवती बसून होत नाही."

"मी कुठे नाही म्हणतो?" ते खाली वाकून बघायला लागले. "मला चार ओळींचा अर्ज लिहिता येत नाही. पुस्तक तुमचंच आहे. मी कामावरच्या माणसांनाही तेच सांगतो, की ताईंनी लिहिलंय. पण काल लोकांनी विचारलं ना, हा कुठून आला? तुम्ही म्हणालात, सुचला. सारथी सांगत होता." ते थांबले. "मी काय सुचणं आहे का, ताई?"

वायरमन पुन्हा वर वळले आणि वायर ओढू लागले. पाइपातून वायर सरकल्याचा आवाज तेवढा येत राहिला. बऱ्याच वेळाने त्यांनी पक्कड मागितली. मावशीने ती त्यांच्या पिशवीतून शोधून वर दिली.

"नाही," ती म्हणाली. "सुचणं माझ्याकडे एकटं येतं. तुम्ही तर दर रविवारी येऊन माझी अर्धी बरणी बिस्किटं संपवून जात होता."

वायरमनना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. शिडी मात्र हलली आणि मावशीने घट्ट धरली.

"सांगा ना," मावशी म्हणाली. "तुम्ही असतात तर शेवट कसा केला असता?"

त्यांनी काम थांबवलं आणि एकेक पायरी उतरून खाली आले. हात पुसले. मग थोरल्यांच्या त्या हळू आवाजात नाही, स्वतःच्याच आवाजात म्हणाले, "दार उघडून उभे राहिले असते. ऊन बघितलं असतं. मग त्या दात करणाऱ्या बाईला म्हणाले असते, आपण पुढे व्हा. आणि ती पुढे गेली असती. तिला काय, ती सकाळी कामालाच निघालेली. आणि थोरले दार लावून झोपले असते."

मावशीने पर्स उचलली. परत येताना गाडीवर तिने माझ्या कानाशी फक्त एक वाक्य म्हटलं, "त्यांचा चांगला आहे." कोणाचा काय, ते विचारायची गरज नव्हती.

छापलेलं पुस्तक काही बदलता येत नाही. मावशीने जमेल ते केलं. एका वर्तमानपत्राने तिची मुलाखत घेतली तेव्हा तिने थोरले कसे जन्मले ते अथपासून इतिपर्यंत सांगितलं, बक्कल, फासा, वायरमन, सगळं. छापून आलं ते असं: 'लेखिका व्यवसायाने कवळ्या बनवतात आणि त्यांना खेळांची आवड आहे.' जागा कमी होती म्हणे. मावशी दिवसभर पॉलिशच्या मशीनवर बसून होती, त्या दिवशीच्या कवळ्या आरशासारख्या चमकत होत्या. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा तिने संपादिकेला सांगून सुरुवातीलाच एक पान घातलं. त्यावर वायरमनचं खरं नाव आहे आणि खाली लिहिलंय की थोरल्यांचं बोलणं, थोरल्यांची भीती आणि थोरल्यांचा मोडलेला सुळा, हे सगळं यांचं. मरण तेवढं माझं. वायरमननी त्या आवृत्तीच्या किती प्रती घेतल्या ते त्यांनाच माहीत. मेहुण्याकडची जुनी प्रत त्यांनी मागून परत घेतली आणि नवी दिली.

पण ते पान यायच्या कितीतरी आधी, शिडीच्या त्या दुपारनंतर आलेल्या रविवारी, वायरमन लॅबमध्ये हजर झाले. बाईंनी चहा ओतला. मावशीने नकाशा पसरला आणि जरा घसा खाकरून म्हणाली, "एक ठरवायला हवं. पुस्तकात थोरले गेलेत. इथे काय करायचं ते वायरमननी सांगावं. मी बोलणार नाही."

सारथी म्हणाला, "भूत करू या त्यांचं."

"व्हॅम्पायरचं भूत?" बाई म्हणाल्या. "म्हणजे दोनदा मेलेला?"

वायरमननी बशीतलं बिस्किट उचललं, खाल्लं, पाणी प्यायले. मग खुर्चीत ताठ बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "थोरल्यांच्या कानावर आलंय की गावात एक पुस्तक निघालंय. त्यात लिहिलंय म्हणे की थोरले उन्हात जाऊन मेले. थोरल्यांनी ते मागवून वाचलं. फार आवडलं. आता मारेकरी पाठीमागे लागणार नाहीत. थोरल्यांनी लेखिकेला आभाराचा निरोप धाडलाय."

मावशी इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मग तिने फासा त्यांच्याकडे सरकवला आणि आम्ही गुहेच्या तोंडाशी परत गेलो. अर्थातच थोरले सगळ्यात मागे होते.

आता मावशी दुसरी कादंबरी लिहितेय. ती बाईंच्या तलवारवालीवर आहे. या खेपेला तिने आधीच परवानगी मागितली आणि बाईंनी अटी घातल्या. प्रेमप्रकरण नको. मारायचं असेल तर आधी विचारायचं. आणि घोडा एका दिवसात किती कोस जाईल याचा हिशेब बरोबर हवा. प्रत्येक प्रकरण बाई वाचतात आणि समासात गोल करतात. मावशी म्हणते, संपादिका परवडली. मागच्या आठवड्यात मी लॅबवर गेले तेव्हा साचा पाण्यात शिजत होता आणि ती मोबाइल हातात घेऊन नुसतीच बसली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाई म्हणते, ती असं बोलणार नाही."

"मग कसं बोलेल?"

"ते रविवारी सांगते म्हणाली," मावशी म्हणाली, आणि साचा शिजला का ते बघायला उठली.